काकवीतला सूर्य

“टँकर तर विहिरीवरच होता की. सॅटेलाइट काय खोटं बोलतंय व्हय?”

मामा, तुमच्या जलदान विधीला आलेल्या माणसांना पाण्याचे ग्लास देता देता तो हे बोलला. टँकरचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराचा मेहुणा. आवाज चढवून नाही, अगदी सहज, घरच्यासारखा. मांडवातल्या निळ्या ड्रममधलं पाणी त्यांच्याच टँकरचं होतं. तुम्ही गेलात तेव्हापासून टँकर रोज येतो, कधी कधी दोनदाही. मी मामीच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. जिथून सगळं दिसतं आणि जिथे आपण कुणाला दिसत नाही, त्या माझ्या नेहमीच्या जागी.

ग्लास घेणारा म्हातारा म्हणाला, “मंजी कप्तान गच्चीवरूनच पडले. दिसभर उन्हात सूर्य बघत बसायचे. चक्कर येणारच.”

“आन् काय तर,” मेहुणा म्हणाला आणि पुढचा ग्लास भरू लागला.

तुम्ही असता तर तो ग्लास त्याच्या तोंडावर फेकला असता. नंतर ड्रम आडवा केला असता. नंतर पाणी सांडलं म्हणून स्वतःवरच चिडून मांडवाच्या बांबूला लाथ घातली असती. तुमच्या रागाची सगळी वळणं मला पाठ आहेत. मला तुमचा फार राग येतो, मामा. लोक इथे हात जोडून डोळे मिटतात आणि मी तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून मनात भांडते, की चिडायची काय गरज होती? थोडं थांबला असता तर?

हा उन्हाळा मी तुमच्याकडे शिकायला आले होते. आई शिकवते त्या मुदखेडच्या शाळेला सुट्टी लागायचीही तिने वाट पाहिली नाही, मला नांदेडहून एकटीला बसमध्ये बसवलं. मामाने जन्म जहाजावर काढलाय, कॅडेट म्हणून जायचं तर त्याच्याकडून शिकून जा, म्हणाली. चाकूरच्या अलीकडे नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको होता. टायर जळत होते. आमची बस हळू झाली आणि एक धोंडा खिडकी फोडून आत आला. माझ्या पुढच्या बाईचा कान फाटला, तिच्या पांढऱ्या पदरावर रक्त भराभर पसरत गेलं. माझ्या केसांत काचा. फाट्यावर तुम्ही मला उतरवून घेतलंत, दुकानाच्या ओट्यावर बसवलंत आणि एकेक काच वेचून काढलीत. “जिल्हा मागतेत,” तुम्ही म्हणालात. “पाणी मागायचं डोकं न्हाई ह्यांना.” आणि मग, “ओरडलीस का?” मी मान हलवली. “का न्हाई ओरडलीस? धोंडा लागला तर माणसानं ओरडावं. इंग्लिश मिडियममध्ये शिकवत न्हाईत का?”

मी हसलेही नाही. तुमच्यासमोर मला हसायलाही दोन दिवस लागले.

समुद्रावर क्षितिज असतं. सूर्य आणि क्षितिज यांच्यातला कोन सेक्स्टंट या पितळी यंत्राने मोजायचा, वेळ बघायची आणि त्यावरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते काढायचं. गावात क्षितिज कुठलं? चारी बाजूंना बाभळी, घरं आणि धूळ. म्हणून तुम्ही परात मांडलीत. परातीतल्या स्थिर पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं. सेक्स्टंटच्या आरशातला सूर्य खाली आणून त्या पाण्यातल्या सूर्याला टेकवायचा. येतो तो कोन दुप्पट असतो, त्याचा निम्मा करायचा. पहिल्या सकाळी तुम्ही गच्चीवर परातभर पाणी ओतलंत आणि शेजारच्या काकू त्यांच्या माळवदावरून ओरडल्या, “कप्तान! लेकरांच्या घशाला कोरड पडली, आन् तुमी सूर्याला पाणी पाजून राहिलात?” तुम्ही तिकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि ती परात उचलून त्यांच्या म्हशीपुढे नेऊन ठेवलीत. मला वाटलं आता तुम्ही चिडणार. तुम्ही चिडला नाहीत. तसं फार कमी वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी परातीत काकवी होती. मामीने गेल्या हंगामात गुऱ्हाळावरून आणून ठेवलेला अख्खा डबा. “जुने खलाशी हेच वापरायचे,” तुम्ही म्हणालात. “पाण्यापेक्षा बरं. वाऱ्यानं हलत न्हाई.” मामी जिन्यात उभी राहून म्हणाली, “खायची वस्तू सूर्याला चाटवा. मी मेल्यावर माझी राख बी ह्या परातीत घाला, तिच्यात चंद्र बघा.” काकवीत सूर्य तांबडा दिसायचा, जड, खोल गेलेला. मुंगळे परातीभोवती रांग लावायचे आणि तुम्ही त्यांना चपलेने मारता मारता मला शिकवायचात. मारायचात मुंगळ्यांना, ओरडायचात माझ्यावर. “टेकव! नुसता टेकव, बुडवू नकोस! सूर्य हाय तो, बिस्किट न्हाई!” दुपारी सूर्य डोक्यावर आला की दुप्पट कोन सेक्स्टंटच्या चापात मावायचा नाही, तेव्हा सुटका. मग आपण भाकरी खायचो आणि तुम्ही माझी आकडेमोड तपासायचात.

माझी पहिली पोझिशन आठवते? घड्याळातली वेळ ग्रीनिचच्या वेळेत आणताना मी साडेपाचऐवजी पाचच तास वजा केले होते. तुम्ही नकाशावर कर्कटकाचा काटा ठेवलात. मी जमिनीकडे बघत बसले. मग तुम्ही जिन्यात जाऊन खाली ओरडलात, “अगं ए, ऐकलं का? भाचीनं गाव उचलून अरबी समुद्रात नेऊन ठेवलं! मुंबईच्याबी पलीकडं! घागरी घेऊन ये, पाणीच पाणी हाय!” मामी हसली, काकू हसल्या आणि मग मीही हसले. त्या हसण्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले.

आपलं भांडण मात्र रोजचं होतं. माझं म्हणणं साधं होतं. माझ्या हातातला फोन मला काही पावलांच्या फरकाने जागा सांगतो. तुमचं पितळी यंत्र, तुमचा हात, तुमचे डोळे आणि काकवी मिळून मैलभर चुकतात. आज प्रत्येक जहाजावर जीपीएस आहे. मग हे सगळं कशाला? मी हे बोलत नव्हते, मला असं बोलता येत नाही. मी फक्त कोन मोजून झाला की खिशातून फोन काढून गुपचूप बघायचे. तेवढं तुम्हाला पुरायचं. एकदा तुम्ही तो माझ्या हातातून ओढलात आणि गच्चीवरून खालच्या कोरड्या हौदात फेकलात. काच फुटल्याचा आवाज झाला. मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. म्हणजे नेहमीइतकंच बोलले, पण तुम्हाला फरक कळला.

त्या संध्याकाळी मामी वाटणाला लसूण सोलत होती. तुम्ही तिच्या पुढ्यातला निम्मा ओढून घेतलात आणि सोलता सोलता सांगितलंत. कुठलं जहाज ते सांगितलं नाहीत. वादळात वरच्या अँटेनाची तार तुटली होती. जीपीएसचा सेट बंद पडला नाही. तो शेवटच्या ठाऊक जागेवरून, वेगावरून, दिशेवरून अंदाजाने पुढची जागा दाखवत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात, हा नुसता अंदाज आहे असं सांगणारी दोन बारीक अक्षरं आली होती, ती कुणी बघितली नाहीत. तुम्हीच पहाऱ्यावर होता. ती जागा दर तासाला नकाशावर सुंदर अक्षरात मांडत होता. बाहेर आकाश मोकळं झालं होतं, तारे होते, सेक्स्टंट पेटीत होता. उजाडताना जहाज उथळात घुसलं. पत्रा फाटल्याचा तो आवाज, तुम्ही म्हणालात, अजून कधी कधी भाकरी मोडताना ऐकू येतो. जहाज ओढून काढताना जाड दोर ताणून तुटला आणि खलाशांच्या मुकादमाच्या, बोसनच्या, दोन्ही मांड्या त्याने कापल्या. तो डेकवर पडून स्वतःच्या पायांकडे बघत होता आणि मल्याळममध्ये कुणाला तरी हाका मारत होता. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलंत. फार वेळ घ्यावं लागलं नाही.

“सेटनं खोटं सांगितलं न्हाई,” तुम्ही म्हणालात. “त्याला जे मालूम होतं ते त्यानं सांगितलं. बाहेर बघायचं काम माझं होतं.”

लसणाची सालं गोळा करून तुम्ही उठलात. दुसऱ्या दिवशी चाकूरला जाऊन माझ्या फोनला नवी काच बसवून आणलीत आणि नियम केलात, गच्चीवर काम चालू असताना फोन पिठाच्या डब्यात. मी तो नियम पाळला. पण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की तुम्ही जीपीएसला त्या बोसनची शिक्षा देत होता. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही परात उलटी केली असती, पण ऐकलंही असतं.

मग टँकरचं सुरू झालं. टँकरने आपल्या विहिरीत पाणी ओतायचं आणि लोकांनी ते शेंदून न्यायचं, अशी रीत. बरेच दिवस टँकर आला नाही. बायका कोरड्या घागरी घेऊन विहिरीच्या काठावर एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. काकूंनी एकीला दोराने मारलं. पाणी नसलेल्या विहिरीवरही नंबरावरून भांडण. तुम्ही तहसीलला गेलात. तिथल्या कारकुनाने संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवला, टँकरवर जीपीएस बसवलाय, हे बघा, रोज सकाळी तुमच्याच विहिरीवर. तुम्ही आवाज चढवलात तेव्हा तो म्हणाला, “तुमचं गाव तर नव्या जिल्ह्यात जाणार म्हणता. मग तिकडंच मागा पाणी.” तुम्ही त्याच्या टेबलावर मूठ आपटलीत आणि शिपायाने तुम्हाला बाहेर काढलं. घरी येऊन तुम्ही त्या मुठीला हळद लावत बसलात.

मी विहिरीवर मामीबरोबर जायचे. मी बोलत नाही म्हणून लोक समजतात मी बघतही नाही. लिंबाखाली रोज सकाळी एक मोटारसायकल येऊन थांबायची. गुत्तेदाराचा मेहुणा तिच्यावर पाय पसरून झोपायचा. हँडलला जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी. तो जेवण कधी करायचा नाही. त्या पिशवीच्या कापडातून एक हिरवा ठिपका लुकलुकायचा.

मी तुम्हाला सांगितलं. फक्त तुम्हाला. त्या वेळी आपण सकाळचा सूर्य घेत होतो. तुम्ही सेक्स्टंट माझ्या हातातून घेतलात, काळ्या काचा बाजूला केल्यात आणि त्याची दुर्बीण गावाबाहेरच्या माळाकडे फिरवलीत. मग ती मला दिलीत. “काय दिसतंय? अंदाज सांगू नको. दिसतंय ते सांग.”

गुत्तेदाराचं शेततळं. बांधावर टँकर, मागचा डावा दिवा फुटलेला. जाड नळीतून पाणी पडत होतं. प्लास्टिकच्या निळ्या कागदावर पाणी चकाकत होतं. मी तसंच सांगितलं.

“टँकरची जीपीएसची पेटी विहिरीवर,” तुम्ही म्हणालात, “आन् टँकर तिथं.” इतक्या हळू बोललात की मला भीती वाटली.

तुम्ही विहिरीवर गेलात, झोपलेल्या माणसाच्या हँडलवरून पिशवी ओढून घेतलीत आणि माळाकडे चालू लागलात. मला म्हणालात, गच्चीवर थांब. मी थांबले नाही. बाभळींच्या आडून मागे आले. मेहुण्याची मोटारसायकल तुमच्या शेजारून धूळ उडवत पुढे गेली. तुम्ही शेततळ्यावर पोचलात तेव्हा पिशवी हातात उंच धरली होती आणि ओरडत होता. शिव्या, इंग्रजी, समुद्रावरच्या आज्ञा, सगळं एकत्र. तुम्ही नळीवर लाथ मारलीत. ड्रायव्हर घाबरून मागे सरला होता. तो भांडायला आलाच नव्हता. मेहुण्याने टँकरच्या केबिनमधून चाक खोलायची टामी काढली. पहिला घाव तुमच्या खांद्यावर बसला. तुम्ही पिशवी सोडली नाहीत. दुसरा कानाच्या वर. तो आवाज मी सांगू शकत नाही. तुमचं डोकं टँकरच्या चाकावर आपटलं आणि सुटलेली नळी सापासारखी वळवळत तुमच्यावर पाणी ओतत राहिली. इतकं पाणी, मामा. लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.

मी तोंडात ओढणी कोंबली होती. धोंडा लागल्यावर ओरडायचं असतं, हे तुम्ही सांगूनही.

मी शेतातून पळत घरी आले. माझ्यानंतर गुत्तेदाराची जीप आली. त्यांनी तुम्हाला गच्चीखाली, हौदाशेजारी ठेवलं आणि हाका मारून गाव गोळा केलं. “कप्तान पडले! कप्तान वरून पडले!” तुमचे कपडे ओले होते. दुष्काळात गच्चीवरून पडलेला माणूस ओला कसा, हे कुणी विचारलं नाही. लातूरच्या दवाखान्यात तुम्ही डोळे उघडले नाहीत. बाहेर लोक रेल्वेने आलेल्या पाण्याबद्दल बोलत होते. मी तुमचा हात धरून बसले होते. हात उन्हाने भाजलेला, काळा, अंगठ्यावर सेक्स्टंटच्या स्क्रूचा घट्टा. मला बोलायचं होतं आणि मी नुसती त्या घट्ट्यावरून बोट फिरवत राहिले.

माझा फोन त्या सकाळी पिठाच्या डब्यात होता. उद्या कुणी सॅटेलाइटला विचारलं तर ते सांगेल, ही मुलगी घरीच होती.

आईला मी काल रात्री सांगितलं. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, तुझी जहाजाची कागदपत्रं निघायची आहेत, कोर्टकचेरीत अडकशील. मामीला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, “गेलेला माणूस परत येत न्हाई, वहिनी. पाणी येऊन राहिलंय. गावाकडं बगा.” मामी गावाकडे बघत होती. मला माहीत नाही तिला काय दिसत होतं. तिने तुमच्या काकवीची परात अजून धुतलेली नाही. ती गच्चीवर तशीच आहे, धूळ बसलेली, मुंगळ्यांनी भरलेली.

आज भन्तेजींनी गाथा म्हटल्या. मामीने तांब्या घेतला आणि भांड्यात पाणी ओतू लागली. भांडं भरलं, काठावरून ओघळलं, ताटात आलं. विधीच तसा आहे, पाणी भरून सांडेपर्यंत ओतायचं. पण सगळा मांडव त्या सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होता. मागून कुणीतरी कुजबुजलं, “बास की.” मामी थांबली नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिली.

मग आदरांजलीची भाषणं झाली. गुत्तेदार पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला. कप्तान आपल्या गावाचं भूषण होते, म्हणाला. आकाशावर त्यांचं प्रेम होतं, आणि आकाशाकडे बघता बघताच ते गेले. गावाला पाणी कमी पडू देणार नाही, म्हणाला. काहींनी टाळ्या वाजवल्या, मग प्रसंग आठवून थांबले. पुढच्या रांगेत चाकूरचे पोलीस जमादार मांडीवर टोपी ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी मेहुणा अजून ग्लास भरत होता.

माइक धरलेल्या काकांनी रिवाज म्हणून विचारलं, “भाचीला दोन शब्द बोलायचेत का?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता माइक पुढे नेऊ लागले. सगळ्यांना माहीत आहे मी बोलत नाही.

मी उठले. आईने माझी ओढणी धरली. मामीने आईचा हात धरला आणि सोडवला.

माइक हातात घेतला तेव्हा तो सेक्स्टंटपेक्षा हलका वाटला. मला तुमचा आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही. तुम्ही नव्हता. तुमचा फोटो होता, ओलं ताट होतं आणि समोर सगळं गाव होतं. मी ग्लास भरणाऱ्या मेहुण्याकडे बघितलं. दिसत होतं तेवढंच सांगायचं होतं.

“मामा गच्चीवरून पडले नाहीत. पेटी विहिरीवर होती, टँकर शेततळ्यावर होता. टामी ह्याच्या हातात होती. मी तिथं होते.”